आईचा नमुना आधी

माझी थोरली बहीण तेवीस वर्षांत एकदाही माझ्या प्रयोगशाळेत आली नव्हती. तिच्या मते मी पाखरांची पिसं मोजते आणि विद्यापीठ मला त्याचा फुकट पगार देतं. त्यामुळे त्या गुरुवारी दुपारी ती पर्स पोटाशी धरून दारात उभी राहिली, तेव्हा मला वाटलं, घरातलं कुणीतरी गेलं. मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. पर्समधून तिने चष्म्याची केस काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि उघडली. आत कान साफ करायच्या दोन कापूसकाड्या होत्या, दोन वेगळ्या पिशव्यांत. एका पिशवीवर पेनाने लिहिलं होतं 'तो' आणि दुसरीवर 'ती'.

तो म्हणजे तिचा धाकटा मुलगा, माझा भाचा, चष्म्याचं दुकान चालवणारा. ती म्हणजे त्याची पाच महिन्यांची लेक. दोघांच्याही गालाच्या आतून काडी फिरवून आणली होती. ताईने ते कुठेतरी टीव्हीवर पाहिलं होतं.

"तू पाखरांचं करतेस ना, पिल्लू कुणाचं ते," ताई म्हणाली. "मग आमचं एक करून दे. घरातल्या घरात."

कारण काय, तर कान. मुलीचे कान बाहेर आलेले आहेत आणि आमच्या घरात तसे कान कुणाचेच नाहीत. सुनेच्या माहेरीही नाहीत, ताईने लग्नाचे सगळे फोटो भिंग घेऊन पाहिले होते. सून पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर. महिन्यातले आठ-दहा दिवस बाहेरगावी, चार पुरुष सहकाऱ्यांबरोबर, डोक्यावर हेल्मेट घालून पुलाच्या पोटाखाली लोंबकळत असते. त्या चौघांतला एक जण बाळ बघायला आला होता आणि त्याचे कान म्हणे असेच होते. एवढ्यावर ताईने मनात खटला उभा करून निकालही देऊन टाकला होता. फक्त शिक्का मारायला तिला मी हवी होते.

मी विचारलं, भाच्याला हे माहीत आहे का. ती म्हणाली, त्यानेच तर आपली काडी आपल्या हाताने फिरवून दिली. सुनेला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. निकाल वाईट आला तर त्याच दिवशी तिची बॅग दाराबाहेर ठेवायची, हेही मायलेकांचं ठरलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईला नाही नाही ते बोलले. हातात फुटपट्टी होती ती टेबलावर आपटली, तिचे दोन तुकडे झाले. ताई शांतपणे उभी राहिली, मला लहानपणापासून ओळखते ती. माझा दम संपल्यावर म्हणाली, रविवारी सगळे जेवायला आहेत, तेव्हा सांग. आणि केस तशीच उघडी टाकून गेली.

त्या सुनेबद्दल सांगते. माझ्या त्या सगळ्या गोतावळ्यात मला मनापासून आवडणारं एकच माणूस, ते ती. दौऱ्यावरून परतताना बूट चिखलाने भरलेले असताना ती सरळ माझ्याकडे यायची, खिडकीच्या कट्ट्यावर बसून चहा प्यायची आणि घरी जायला अर्धा तास उशीर करायची. का, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पोटुशी असतानाही यायची. आमच्या कामाबद्दल तिला भारी कुतूहल.

आमचं पाखरू मुठीत मावेल एवढं, राखाडी, पोटाशी जरासं पिवळं. शहराबाहेरच्या रानात आम्ही झाडांना तीनशे लाकडी पेट्या टांगल्या आहेत, त्यांत ही पाखरं घरटी करतात. एक नर, एक मादी, दोघं मिळून गवत आणतात, दोघं मिळून पिल्लांना अळ्या भरवतात, पुढच्या वर्षी परत तीच जोडी. बघणाऱ्याला वाटावं, वा, काय संसार आहे. आणि पिल्लांचं रक्त तपासलं की तीन पेट्यांतल्या एकीत निदान एक पिल्लू शेजारच्या पेटीतल्या नराचं निघतं. तो शेजारीही आपल्या घरी अळ्या नेण्यात गुंतलेला असतो. जोडी टिकणं आणि निष्ठा टिकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आमचे सर दर वर्षी नव्या पोरांना सांगतात आणि पोरं दर वर्षी हिरमुसतात.

मग कुणीतरी विचारतंच, की खरोखर एकनिष्ठ असा कुणी प्राणी नाहीच का. आहे ना. माशाच्या कल्ल्यात राहणारा एक चपटा जंत आहे. दोन जंत भेटतात, एकमेकांना चिकटतात, त्यांची शरीरं जुळून एक होतात आणि मरेपर्यंत सुटत नाहीत. संशयाला जागाच नाही. हे सुनेला सांगितलं तेव्हा ती चहा सांडेपर्यंत हसली होती. म्हणाली, "सासूबाईंना हा जंत फार आवडेल."

त्याच दिवशी तिने विचारलं होतं, रक्त कुणाकुणाचं घेता. मी म्हटलं, आईचा नमुना आधी. पिल्लाचं अर्धं आईकडून आलेलं असतं, ते ओळखून बाजूला काढलं की उरतं ते बापाचं. आई हातात नसेल तर पिल्लाची नळी उघडायचीसुद्धा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मग पेटीतला नर. आणि मग आजूबाजूच्या पेट्यांतले झाडून सगळे नर, एकही सोडायचा नाही. नाहीतर काम अर्धवट.

"आणि आईला विचारता का, घेऊ का म्हणून?" ती म्हणाली.

"तिला जाळ्यात पकडतो," मी म्हटलं.

दोघी हसलो होतो.

आता मी काय केलं ते सांगते, आणि लपवून काही उपयोग नाही. शुक्रवारी विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक होतं. वर्षातून एकदा पोरं आपापल्या गालाच्या पेशी तपासतात, त्यासाठी माणसांना चालणारी रसायनं आम्ही मागवून ठेवतो. शहाण्णव खळग्यांची ती ताटली. पोरांचे नमुने भरून झाले आणि शेवटच्या ओळीत दोन खळगे रिकामे राहिले. तेवीस वर्षं मी ताटल्या भरते आहे. रिकामा खळगा मला बघवत नाही, तोंडात दात पडल्यासारखा दिसतो. चष्म्याची केस टेबलावर होतीच. हात गेला. आईचा नमुना नव्हता, स्वतःचा नियम मीच मोडला. मनाशी म्हटलं, निकाल चांगला येणार, तो ताईच्या तोंडावर फेकू आणि विषय बंद करू. मनाला काय, काहीही सांगता येतं.

शनिवारी कागद आला. मुलगी भाच्याचीच होती. शंकेला काडीची जागा नाही. आई मध्ये नसूनही बापाच्या खुणा इतक्या चोख जुळत होत्या की आमच्या सरांनी डोळे मिटून सही केली असती. मी तो कागद वाचला आणि हुश्श केलं. चांगलं मोठ्याने, खुर्चीत मागे रेलून. आणि मग त्या हुश्शचा अर्थ माझ्या ध्यानात आला, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. कागदाची चौघडी करून पर्समध्ये टाकली. रविवारी तो बाहेर काढायचा नाही, असं ठरवलं. त्यांना उत्तर देणं म्हणजे त्यांचा प्रश्न बरोबर होता असं मानणं, आणि ते मी मरेस्तोवर करणार नव्हते. त्याऐवजी पर्समध्ये बंद पाकिटातल्या डझनभर काड्या टाकल्या.

ताईच्या घरी जेवणाचं टेबल आठ जणांचं आहे आणि भिंतीला इतकं खेटून की आतल्या बाजूला बसलेल्याला उठायचं तर बाकीच्यांना उठावं लागतं. आत भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, वाहतूक खात्यातून निवृत्त. त्यांच्या शेजारी धाकटा. मग थोरला भाचा, औषध कंपनीचा विक्रेता, महिन्यातले पंधरा दिवस गावोगाव फिरणारा. त्याचं फिरणं कधी कुणाला खटकलं नव्हतं. बाहेरच्या बाजूला आमचे हे, पोस्टातून निवृत्त, समोर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. सून आतल्या खोलीत बाळाचे कपडे बदलत होती. ताईने स्वयंपाकघराच्या दारातून मला भुवया उडवून खूण केली. काय झालं, अशी.

मी हात धुऊन आले, काड्यांची पाकिटं टेबलावर ताटांच्या मधोमध ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की ताईने मला एक तपासणी करायला दिली आहे, घरातली मुलगी घरातली आहे का याची. थोरल्याच्या हातातला चमचा ताटात पडला. म्हणजे त्याला माहीत नव्हतं. भावोजींना माहीत असावं, कारण ते पाण्याच्या ग्लासात बघत बसले. धाकट्याची मान इतकी खाली गेली की त्याचा स्वतःच्या दुकानातला भारी चष्मा नाकावरून घसरला.

मी म्हटलं, तपासणी जरूर करीन, पण आमच्या पद्धतीने. एका पेटीवर संशय आला तर आम्ही रानातला एकही नर सोडत नाही. कोण कुठल्या पेटीत जाऊन आला आहे ते सगळंच एकदा वर येतं. तेव्हा पुरुषमंडळींनी एकेक काडी घ्यावी, गालात फिरवावी आणि पाकिटावर नाव घालावं. सगळं कायमचं नोंदवून ठेवीन. उद्या कुठेही, कुठल्याही गावात एखाद्या पोरावर प्रश्न उठला, तर उत्तर तयार असेल.

भावोजींच्या दाढेचं काम चालू होतं, डॉक्टरांनी तोंडात काही घालू नका म्हणून सांगितलं होतं. समोर भरलेलं ताट होतं, पण ते असो. थोरला म्हणाला की आपली अशी माहिती कुठून कुठे जाते काही सांगता येत नाही, हल्ली जपून राहावं लागतं. हाच माणूस मोबाईलवर फुकटची कूपनं मिळावीत म्हणून कुणालाही अंगठा आणि चेहरा देत असतो. धाकटा पुटपुटला, मी दिलाय एकदा. मी म्हटलं, तो या पेटीपुरता. बाकीच्या पेट्यांसाठी वेगळा लागेल. त्याने काडीला हात लावला नाही.

आमच्या ह्यांनी शब्दकोड्यातून डोकं वर न काढता एक पाकीट फोडलं, आ केला, काडी फिरवली, पाकिटात घातली आणि वर नाव लिहिलं. मग मला विचारलं, "आणखी काही?" चौतीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला कधी इतका देखणा दिसला नव्हता.

बाकी तिघांची पाकिटं तशीच पडून राहिली. आणि मग ताईने हळूच मान वळवून भावोजींकडे पाहिलं. ते दाढ चाचपत होते, आणि तीही चुकीच्या बाजूची. आधी उजव्या गालावर हात होता, आता डाव्या. सदतीस वर्षांत ताईने नवऱ्याकडे असं पाहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझं काम तिथेच झालं होतं. मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पाकिटं गोळा करायची, जेवायचं आणि घरी जायचं. इतकं सोपं होतं.

पण ताई कोंडीत सापडली की नखं काढते. ती म्हणाली, "तुला जमत नाही ते सांग ना सरळ. पाखरांपलीकडे तुझी अक्कल चालत नाही म्हणून हा सगळा तमाशा."

आणि माझं डोकं फिरलं. तेवीस वर्षं ऐकलेलं सगळं एकदम वर आलं. मी पर्स उघडली, तो चौघडी केलेला कागद काढला आणि तिच्या समोर आपटला.

"जमत नाही? हे बघ. मुलगी तुझ्याच मुलाची आहे, शंभर टक्के. जा, आता कानांची पूजा कर."

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं, मी काय केलं. पण टेबलावर एकदम हवा मोकळी झाली होती. थोरल्याने मोठा श्वास सोडला. भावोजींची दाढ बरी झाली, त्यांनी ताट पुढे ओढलं. धाकट्याने चष्मा काढून डोळे पुसले आणि हसला, अक्षरशः हसला. ताईने कागद उचलला, उलटा सुलटा पाहिला, एक अक्षर कळलं नसेल तिला, आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं." मग सगळ्यांना वाढायला लागली. तिच्या हाताला एकदम घाई आली होती.

आतल्या खोलीच्या दारात सून उभी होती, बाळ खांद्यावर. किती वेळ उभी होती देव जाणे. बाळाचे ते कान दिव्याच्या उजेडात गुलाबी दिसत होते. तिने कुणाकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, तुम्ही तपासलंत?"

मी हो म्हटलं.

"मला न विचारता."

मी सांगायला लागले, की ताईचं तोंड बंद करायला, की विद्यार्थ्यांची ताटली, की दोन खळगे रिकामे होते. खळग्यांपर्यंत आले आणि माझं मलाच ऐकवेना. धाकटा उठायला लागला, पण आतल्या बाजूला बसलेला, थोरला उठल्याशिवाय त्याला बाहेर येता येईना, आणि थोरला काही उठला नाही.

ती जवळ आली. आवाज चढलेला नव्हता. पुलाला तडा सापडला की तो वहीत लिहिते तशी, कोरडी.

"निकाल बघून तुम्हाला हायसं वाटलं?"

खोटं बोलता आलं असतं. ह्या घरात त्या दिवशी सगळेच बोलत होते. पण ती माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली पोर होती आणि मला तिच्याशी खोटं बोलता आलं नाही.

"वाटलं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. तेवढंच. सासूने कापूसकाड्या नेल्या, नवऱ्याने आपल्या हाताने काडी फिरवून दिली, त्याचं तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांच्याकडून तिची तयारी झालेली असावी. माझ्याकडून नव्हती.

बॅग तिने स्वतःच भरली. दौऱ्याची बॅग तिची कायम अर्धी भरलेलीच असायची, त्यात बाळाचे कपडे गेले. ताई मध्ये पडून म्हणायला लागली की अगं आता सगळं नीट झालं, निकाल चांगला आला, आता कसला राग. हे ती अगदी मनापासून म्हणत होती, त्याचा मला जास्त संताप आला. धाकटा एकदाचा टेबलामागून सुटला आणि दाराशी जाऊन सॉरी म्हणाला, दोनदा. ती त्याला म्हणाली की तुझा नमुना आहे त्यांच्याकडे, तुझं काम झालं.

मी तिच्या मागे जिन्यावर गेले. काय बोलणार होते ते मला ठाऊक नव्हतं. एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात बॅग, तरी ती थांबली. बॅग पायरीवर ठेवली. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मी उरलेली पाकिटं मुठीत धरूनच बाहेर आले होते. तिने त्यातलं एक घेतलं, दातांनी फोडलं, काडी गालात फिरवली, सावकाश, दोन्ही बाजूंनी, मी एकदा तिला गमतीने दाखवलं होतं अगदी तसं. काडी पाकिटात घातली आणि पाकीट माझ्या मुठीत परत ठेवलं.

"तुमच्याकडे आईचा नमुना आधी घेतात ना," ती म्हणाली. "राहून गेला होता. आता पूर्ण करा."

बाळाने माझा पदर पकडला होता. तिने तो त्याच्या मुठीतून सोडवला, एकेक बोट करून, आणि खाली उतरली.

याला दोन महिने झाले. ती पुलाच्या कामावरच्या क्वार्टरमध्ये राहते, भाचा दर रविवारी जातो आणि बाहेरच्या बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसतो आणि एकटाच परत येतो. ताई मला फोन करत नाही. भावोजींशी तिचं बोलणं बंद आहे असं ऐकते, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. आमच्या ह्यांचं पाकीट मी त्याच दिवशी जाळून टाकलं, त्यांनी का म्हणून विचारलंही नाही.

तिचं पाकीट टेबलाच्या खणात आहे. टाकायला हात होत नाही आणि उघडायचा मला हक्क नाही. रानातला मोसम सुरू झाला आहे. सकाळी पेटीशी जाळं लावते, मादी सापडते, मुठीत तिचं काळीज धडधडत असतं. पंखाखाली सुई लावायच्या आधी आता माझा हात थांबतो. सोबतची पोरं विचारतात, मॅडम, काय झालं. मी रक्ताचा थेंब घेते, नळीवर 'आई' असं लिहिते आणि तिला सोडून देते.